डायलिसिसवरील रुग्णाची कंडू

डायलिसिस चालू असलेला रुग्ण रात्रभर खाजवून थकलेल्या अवस्थेत वैद्यांकडे येतो आणि ‘रक्तशुद्धीचे काहीतरी द्या’ असे म्हणतो. औषधविक्रेत्याकडे तर तो थेट काढ्याची बाटलीच मागतो. येथे क्षणभर थांबणे अगत्याचे आहे.

या कंडूचे मूळ त्वचेत नसते. पिटिका किंवा मंडले सहसा आढळत नाहीत. आढळतात ते नखांचे ओरखडे. कंडू बहुधा शरीराच्या दोन्ही बाजूंस सारखी असते, पाठीवर विशेष आणि रात्री अधिक. (बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल व घरातील इतरांनाही खाज सुटत असेल तर खरजेचा विचार आधी करावा.) अपुरे डायलिसिस, रक्तात वाढलेले फॉस्फरस, शरीरातील सूक्ष्म दाह आणि चेतातंतूंतील बिघाड अशी अनेक कारणे सांगितली जातात. हिस्टामिनरोधक गोळ्यांनी फार तर झोप येते. त्यातच स्वेदग्रंथी व तैलग्रंथी क्षीण झाल्यामुळे त्वचा शुष्क होते. कंडू हे कफाचे लक्षण खरे. परंतु येथे वाताची रूक्षता दुर्लक्षून चालणार नाही, आणि आपल्याला निर्धोकपणे हाताळता येण्याजोगा भाग नेमका तोच आहे.

कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, अंग हलकेच टिपणे आणि त्वचा ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे तेल लावणे, एवढे दिवसातून दोनदा नियमाने व्हावे. उटणे व तीव्र साबण वर्ज्य. चरकांच्या कंडूघ्न दशेमानीत सर्षप आहे. तथापि ओरखडलेल्या त्वचेवर मोहरीचे तेल आग करते, म्हणून ते टाळावे. फिस्टुला असलेल्या हाताचे मर्दन करू नये, आणि डायलिसिसच्या दिवशी त्या हातास तेल लावूच नये. सुईची जागा स्वच्छ असावी लागते.

पोटात द्यावयाच्या औषधांविषयी मात्र फार सावध राहावे. यवक्षार आणि सोरायुक्त श्वेत पर्पटी यांत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रल म्हणून परिचित असलेली ही औषधे या रुग्णात हृदयाची गती बंद पाडू शकतात. काढे व आसवारिष्टे द्रवाच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत मोजावी लागतात. धातूंची भस्मे देण्याचा मोह आवरावा. गॅबापेंटिन चालू असल्यास तेही विचारावे; डायलिसिसनंतर अत्यल्प मात्रेत दिले जाणारे हे औषध शरीरात साचते व रुग्ण गुंगीत राहतो. अशा रुग्णास आपल्याकडील निद्राजनक औषध देणे अनुचित ठरेल. डायफेलिकेफॅलिन या शिरेतून देण्याच्या औषधास अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली आहे.

शेवटी एक साधी चौकशी. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यावयाची असते. उपाशीपोटी घेतल्यास अन्नातील फॉस्फरस तसेच रक्तात जाते. रुग्ण ती केव्हा घेतो आणि डायलिसिसच्या किती पाळ्या चुकवतो, हे विचारून त्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांस कळवावे.