पकडला, म्हणजे केलंच असणार?

आयपीएलचे दोन महिने आमच्या जबलपुरात अटकेच्या बातम्यांचेही असतात. गोहलपूर, हनुमानताल, अधारताल अशा कुठल्यातरी ठाण्याच्या हद्दीत एखाद्या खोलीवर छापा पडतो, मोबाइल आणि हिशेबाची वही जप्त होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: पोरं रांगेत, मागे पोलीस. सट्ट्याची लगवाडी-खायवाडी करणारी ही गल्लीतली माणसं. त्याच पानावर कधी एखाद्या खेळाडूच्या अटकेची बातमी आली, की घरी मराठी आणि नाक्यावर हिंदी बोलणारे आम्ही सगळेच एका सुरात म्हणतो, 'पकडला ना? मग केलंच असणार.' या वाक्यात एक नाही, सात-आठ गैरसमज आहेत.

गैरसमज : अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला.

या गैरसमजाची सगळ्यात जवळची कहाणी मुंबईच्या अंकीत चव्हाणची. डावखुरा फिरकीपटू, मुंबईकडून रणजी खेळलेला, 2013 साली राजस्थान रॉयल्समध्ये. 15 मे 2013 ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध त्याने दोन षटकं टाकली. पहिल्यात 2 धावा गेल्या, दुसऱ्यात 15. त्याच रात्री मुंबईत दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने त्याला आणि त्याच्याच संघातल्या एस. श्रीशांत व अजित चंडिला यांना उचललं. 16 मे रोजी दिल्लीचे पोलीस आयुक्त नीरज कुमार यांनी पत्रकार परिषदेत एकेका षटकाचा भाव सांगितला: चंडिलाला 20 लाख, श्रीशांतला 40 लाख, चव्हाणला 60 लाख. ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या, असा आरोप.

मोहालीतल्या 9 मेच्या सामन्याचं पोलिसांनी केलेलं वर्णन तर देशभर टीव्हीवर फिरलं. श्रीशांतने कमरेला टॉवेल खोचायचा, ही खूण. मग थोडा वेळ हातपाय ताणायचे, क्षेत्ररक्षण लावत बसायचं, म्हणजे बुकींना पैसे लावून घ्यायला सवड मिळते. 14 धावा द्यायच्या ठरल्या होत्या, गेल्या 13. आता हे सगळं ऐकून तो टॉवेल पुन्हा पाहिला की कुणालाही तो खूणच वाटणार. पण गोलंदाज टॉवेल खोचतातच, षटकात 13 धावाही जातातच. कोर्टात यावर आणखी काहीतरी लागतं.

पोलिसांनी 4 जूनला मकोका लावला. 1999 साली महाराष्ट्राने टोळीयुद्ध आवरण्यासाठी केलेला, 2002 मध्ये दिल्लीला लागू झालेला हा कायदा. यात जामीन मिळणं महाकठीण. शिवाय इतर गुन्ह्यांत पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, इथे वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर दिलेला ठरतो. त्याआधी 2 जूनला अंकीतचं लग्न ठरलेलं होतं. त्यासाठी कोर्टाने त्याला काही दिवसांचा सशर्त जामीन दिला. लग्न करून 6 जूनला तो परत हजर झाला. 10 जूनला दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आणि श्रीशांतला जामीन दिला. मकोका लावण्याइतका पुरावा दिसत नाही, असं तेव्हाच न्यायाधीशांनी म्हटलं. 25 जुलै 2015 ला पतियाळा हाउस न्यायालयाने चव्हाण, श्रीशांत, चंडिला यांच्यासह 36 जणांना आरोपमुक्त केलं. म्हणजे खटला चालून ते सुटले असं नव्हे. खटला चालवण्याइतकंही हाती नाही, असं कोर्ट म्हणालं. पोलीस वरच्या कोर्टात अपिलात गेले. अटकेच्या दिवशी वाहिन्यांनी दिवसभर जे चालवलं, त्याच्या शतांशही जागा या निकालाला मिळाली नाही.

गैरसमज : सामना फिक्स करणं हा कायद्याने गुन्हा आहेच.

बहुतेकांना हे ऐकून धक्का बसतो. भारतीय दंड संहितेत 'मॅच फिक्सिंग' नावाचं कलम नव्हतं. पोलीस मग फसवणूक, कट, जुगार अशी जवळपासची कलमं गोळा करून लावायचे. जुगाराचा कायदा केवढा जुना? 1867 चा. मूळ कायद्यात जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद. मध्य प्रदेशासारख्या राज्यांनी पुढे आपापल्या सुधारणा केल्या, पण तोंडवळा तोच राहिला. गोहलपूरच्या खोलीत पकडलेला पोरगा याच कायद्याच्या वंशावळीत बसतो. खेळाडू त्यात बसत नाही, कारण तो जुगार खेळलेला नसतो. तो जुगाऱ्यांना पत्ते पुरवत असतो, असा आरोप असतो.

कर्नाटकात हे स्पष्टच झालं. 2019 मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या फिक्सिंगच्या प्रकरणात बेंगळुरूच्या गुन्हे शाखेने आधी बेळगावी पँथर्सच्या मालकाला अटक केली. बेळगावचं नाव असलेला संघ, त्यामुळे सीमाभागातल्या मराठी घरांतही त्याची चर्चा झाली. नोव्हेंबरमध्ये सी. एम. गौतम आणि अबरार काझी हे खेळाडू अटकेत गेले. अंतिम सामन्यात मुद्दाम संथ खेळण्यासाठी 20 लाख, हा आरोप. जानेवारी 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्यावरची कारवाई रद्द केली. प्रेक्षकाला फसवलं गेल्यासारखं वाटेल हे खरं, पण तो तिकीट आपण होऊन काढतो. त्यामुळे फसवणुकीच्या कलमातले घटक पुरे होत नाहीत, असा युक्तिवाद कोर्टाने मान्य केला. शिक्षा करायची तर ती क्रिकेट बोर्डाने करावी. विधी आयोगाने जुलै 2018 च्या आपल्या 276 व्या अहवालात मॅच फिक्सिंग हा स्वतंत्र गुन्हा करा असं सुचवलं होतं. म्हणजे 'पुरावा नव्हता म्हणून सुटले' आणि 'कायदाच नव्हता म्हणून सुटले' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नाक्यावरच्या गप्पांत त्या नेहमी एकात एक मिसळतात.

गैरसमज : कोर्टाने सोडलं की बोर्डानेही सोडायलाच हवं.

नाही. बोर्ड ही सोसायटी कायद्याखाली नोंदलेली खासगी संस्था आहे आणि तिचं अंगण वेगळं. फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, शिस्तभंगाच्या चौकशीत शक्यता कुणीकडे झुकते एवढं पाहतात. बोर्डाने 13 सप्टेंबर 2013 ला चव्हाण आणि श्रीशांतवर आजन्म बंदी घातली होती आणि 2015 च्या निकालानंतरही ती उठवली नाही. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 15 मार्च 2019 ला न्या. अशोक भूषण आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी सांगितलं की आरोपमुक्ती झाली तरी बोर्डाला शिस्तभंगाची कारवाई करता येते. मात्र आजन्म बंदीच का, याचा पुन्हा विचार करा. पुढे बोर्डाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी ती 7 वर्षांवर आणली.

मला स्वतःला यात बोर्डाची बाजू पटते, वेग पटत नाही. चौकशी वेगळी असू शकते. पण खेळाडूची उमेदीची दहा-बारा वर्षं असतात आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला त्यातलीच निम्मी खाणार असतील, तर शिक्षा आदेशात लिहिलेली वेगळी आणि भोगलेली वेगळी होते.

गैरसमज : बोर्डाचं भ्रष्टाचारविरोधी पथक खेळाडूंना पकडतं.

त्याला ना अटकेचा अधिकार, ना फोन ऐकण्याचा. ते समज देतं, माहिती गोळा करतं, बोर्डाला अहवाल देतं. 2013 चं प्रकरण बाहेर आलं ते पोलीस ऐकत असलेल्या फोनवरून.

गैरसमज : ताब्यात घेतलं म्हणजे अटक, आणि अटक म्हणजे तुरुंग.

20 मे 2012 ला जुहूतल्या एका हॉटेलातल्या पार्टीवर मुंबई पोलिसांनी छापा घातला. नव्वदच्या आसपास लोक ताब्यात. त्यांत पुणे वॉरियर्सचे राहुल शर्मा आणि वेन पार्नेल. रक्त-लघवीचे नमुने घेऊन त्यांना सोडलं, अटक त्या रात्री झालेली नव्हती. पण नमुन्यांत अमली पदार्थ सापडल्याचं पोलिसांनी नंतर सांगितलं. अटक न होणं म्हणजेही काही निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

उलट टोकाला सुरेश रैना. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई विमानतळाजवळच्या क्लबवर कोरोनाचे नियम मोडल्याबद्दल छापा पडला. कागदोपत्री अटक, आणि लगेच जामीन. देशभर मथळा मात्र 'रैनाला अटक' असा. नियम मोडला हे वाईटच, पण त्या शब्दाने डोळ्यांसमोर गज आणि कोठडी येते, तसं तिथे काही नव्हतं. 2014 च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नसते. का केली, हे पोलिसांनी लिहून द्यायचं असतं.

गैरसमज : हे खेळाडू इतरांपेक्षा जास्त गुन्हे करतात.

अमेरिकेतल्या फुटबॉल लीगबद्दल हा समज इतका पक्का आहे की तिथे त्यावर मोजदाद झाली. जेफ बेनेडिक्ट यांनी 1998 मध्ये डॉन येगर यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं: 509 खेळाडूंपैकी 21 टक्क्यांवर कधी ना कधी गंभीर गुन्ह्याचा आरोप. आकडा गाजला. पण तो तुलनेशिवायचा होता. त्याच बेनेडिक्ट यांनी पुढच्या वर्षी गुन्हेशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लमस्टीन यांच्याबरोबर तुलना केली, तेव्हा मारहाणीच्या गुन्ह्यांत खेळाडूंच्या अटकेचं प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी निघालं. 2015 च्या आणखी एका अभ्यासातही एकूण अटकांचं प्रमाण खेळाडूंत कमीच होतं, मात्र हिंसक गुन्ह्यांपुरतं काही वर्षांत ते जास्त दिसलं. म्हणजे 'सगळे साधू' हेही खरं नाही. खेळाडूच्या अटकेची बातमी होते, शेजाऱ्याच्या होत नाही, एवढा फरक धरूनच आकडे वाचावेत.

गैरसमज : अटकेमुळे प्रतिमा डागाळते.

प्रतिमेला अटक लागतेच असं नाही. जानेवारी 2019 मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात बायकांबद्दल नको ते बोलले. अटक नाही, तरी काही दिवसांत दोघे निलंबित होऊन ऑस्ट्रेलियातून परत आले. नंतर प्रत्येकी 20 लाखांचा दंड. तिकडे अमेरिकेत बाल्टिमोरचा फुटबॉलपटू रे राइस याला होणाऱ्या बायकोला मारल्याबद्दल फेब्रुवारी 2014 मध्ये अटक झाली, जुलैमध्ये लीगने शिक्षा केली फक्त दोन सामन्यांची. 8 सप्टेंबरला लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढलं. आरोप फेब्रुवारीत होता तोच होता. लोकांना चित्र दिसलं, एवढंच बदललं. श्रीशांतचा टॉवेल आपल्याकडे नेमकं हेच काम करून गेला.

गैरसमज : अशा प्रकरणांनी लीगचं कंबरडं मोडतं.

2013 च्या मेमध्ये हे मीही म्हटलं असतं. चेन्नईशी जोडलेले गुरुनाथ मय्यप्पन यांना मुंबई पोलिसांनी अटक केली, पुढे न्या. मुद्गल समिती, मग न्या. लोढा समिती. 14 जुलै 2015 ला चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर. (त्यांची जागा भरायला पुण्याला रायझिंग पुणे सुपरजायंट्स मिळाला, ही आपल्या पदरात पडलेली गंमत.) ऑक्टोबर 2015 मध्ये पेप्सीने 396.8 कोटींचा पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडला. आता बघा: 2017 मध्ये तेच शीर्षक-प्रायोजकत्व विवोने पाच वर्षांसाठी 2,199 कोटींना घेतलं. त्याच वर्षी प्रसारणाचे हक्क 16,347.5 कोटींना गेले, 2022 मध्ये 48,390 कोटींना. बंदीतून परतलेली चेन्नई पहिल्याच वर्षी, 27 मे 2018 ला, वानखेडेवर विजेती झाली.

आणि सट्ट्याशी लढणाऱ्या या लीगच्या 2020 च्या हंगामावर नाव होतं पैसे लावून संघ निवडायच्या ड्रीम11 चं, 222 कोटींना. न्यायालयांनी तो कौशल्याचा खेळ ठरवलेला असल्याने त्यात बेकायदा काही नव्हतं. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा कंपनीने भारतीय संघाच्या जर्सीवरचं नाव काढून घेतलं. त्या आधीच्या काही वर्षांत गल्लीत वहीवर लावलेला पैसा गुन्हा होता आणि मोबाइलवर लावलेला पैसा जाहिरात.

लीगची प्रतिमा अशी पैशाच्या लाटेवर तरून जाते. खेळाडूची जात नाही, कारण त्याला दुसऱ्या हंगामाची सोय नसते. अंकीत चव्हाणची आजन्म बंदी 7 वर्षांवर आणण्याचा आदेश 2021 मध्ये झाला आणि जूनमध्ये बोर्डाने त्याला खेळायला मोकळीक दिली. 13 सप्टेंबर 2013 पासून मोजलेली ती 7 वर्षं सप्टेंबर 2020 मध्येच संपलेली होती. अटक झाली तेव्हा तो 27 वर्षांचा होता, मोकळीक मिळाली तेव्हा 35 चा.