पीएच मीटरचे सिरॅमिक बूच

पावसाळ्यात काही शाळा पावसाच्या पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, मोजण्याचा उपक्रम घेतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळत असल्याने स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू ५.६ च्या आसपास भरतो. मीटरने ५.१ दाखवले की वर्गात ‘आम्लवर्षा’ हा शब्द ऐकू येतो. ती खरी असेलही. पण निष्कर्ष काढण्यापूर्वी इलेक्ट्रोडच्या खालच्या टोकाजवळ काचेत बसवलेला, जेमतेम एक मिलिमीटरचा पांढरा ठिपका तपासावा, असे आम्ही सुचवू.

हा ठिपका म्हणजे सच्छिद्र सिरॅमिकचे बूच. नाव बुचाचे, पण काम गळण्याचे! इलेक्ट्रोडच्या टोकाला असलेल्या काचेच्या फुग्यावरील विभव हायड्रोजन आयनांच्या प्रमाणानुसार बदलते. ते कशाच्या तरी तुलनेत मोजावे लागते. त्यासाठी बाहेरच्या नळीत पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडालेली, सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार असते. हे द्रावण बुचाच्या छिद्रांतून अगदी सावकाश झिरपते, तेव्हाच नमुन्याशी विद्युतमंडल पुरे होते. पोटॅशियम आणि क्लोराइड या आयनांचा वेग जवळजवळ सारखा असल्याने दोन द्रवांच्या सीमेवर जादा विभव फारसे निर्माण होत नाही. छिद्रे तुंबली की ही सोय मोडते. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका एककाला ५९ मिलिव्होल्ट, हा हिशेब लक्षात घेतला तर ३० मिलिव्होल्टची चूक म्हणजे अर्धे एकक.

पंचाईत अशी, की बफर द्रावणात हा दोष बहुधा दिसतच नाही. बफरमध्ये आयन भरपूर असतात. ४ आणि ७ च्या बफरला मीटर नीट जुळतो. पावसाच्या पाण्यात आयन फारच थोडे, आणि तिथे तो फसवतो. म्हणून परीक्षाही विरळ द्रावणातच घ्यावी. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १ मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १ लिटर करावे. याचा सामू ४.० यायला हवा. आकडा बराच वेगळा आला, स्थिरच होईना, किंवा ढवळताना एक आणि ढवळणे थांबवल्यावर दुसरा दिसला, तर संशय बुचावर घ्यावा. उलट ४ आणि ७ च्या बफरमधला फरक १७७ मिलिव्होल्टपेक्षा पुष्कळच कमी भरत असेल, तर दोष बहुधा काचेच्या फुग्यात असतो.

बूच तुंबण्याचे नेहमीचे कारण म्हणजे इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवणे. ‘शुद्ध पाणी, मग चांगलेच’ ही समजूत इथे घातक ठरते. तीव्र पोटॅशियम क्लोराइडमध्ये थोडे सिल्व्हर क्लोराइड विरघळलेले असते. छिद्रांत पाणी शिरून द्रावण विरळ झाले की त्याचा साका तिथेच बसतो. इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवावा. १०० मिलिलिटर द्रावणासाठी २२.४ ग्रॅम क्षार लागतो, म्हणजे खर्च नगण्य. मोजताना भरणछिद्र उघडे असावे आणि आतील द्रावणाची पातळी नमुन्यापेक्षा वर असावी. नाहीतर नमुनाच आत शिरतो.

बाहेर जमलेले पांढरे स्फटिक निरुपद्रवी असतात, कोमट पाण्याने निघतात. दूध किंवा अन्य प्रथिनांचा थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातील पेप्सिन वापरतात. गटाराच्या पाण्यातील सल्फाइडने बूच काळे पडले असेल, तर त्याच आम्लातील थायोयुरिया. हे रसायन विषारी आहे. ते शिक्षकांनीच हातमोजे घालून हाताळावे. टाचणीने कोरणे मात्र कटाक्षाने टाळावे. सफाईनंतर आतील द्रावण बदलून इलेक्ट्रोड काही तास पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवावा.

एवढे करूनही विरळ आम्लाचा आकडा जुळला नाही, तर बूच बदलता येते का? नेहमीच्या संयुक्त इलेक्ट्रोडमध्ये ते काचेतच जडवलेले असते, त्यामुळे अख्खा इलेक्ट्रोड बदलावा लागतो. मीटर मात्र बदलू नये. तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. नवा इलेक्ट्रोड आला की त्यावर तारीख लिहावी, आणि पावसाच्या पाण्यात बुडवण्याआधी त्यालाही तेच विरळ आम्ल दाखवावे.