जहाजांचे इंधन : जुने आणि नवे

प्राथमिक शाळेत भूगोल शिकविताना बंदरे, जलमार्ग आणि आयात-निर्यात यांचा उल्लेख वारंवार येतो. परंतु मालाने भरलेले अजस्र जहाज कशाच्या बळावर समुद्र ओलांडते, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. जगाच्या व्यापारातील चार-पंचमांशांहून अधिक माल जहाजांतून जातो. रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदरात उतरणारा मालही याच वाटेने येतो. सबब जहाजाचे इंधन हा केवळ खलाशांचा विषय नव्हे. शिक्षकानेही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

शिडाच्या जहाजांमागून एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि त्यांच्या भट्ट्यांत कोळसा जळू लागला. पुढे फेब्रुवारी १९१२ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन येथून ‘सेलांडिया’ हे जहाज बँकॉककडे निघाले. त्याला डिझेल एंजिने बसविलेली होती. त्यामुळे भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसांचा ताफा त्यास लागला नाही. हळूहळू डिझेल एंजिनाने वाफेस मागे सारले, आणि आज बहुतेक मोठी मालवाहू जहाजे त्यावरच चालतात.

तथापि या एंजिनांत जळत आलेले तेल म्हणजे मोटारीचे डिझेल नव्हे. लोणी कढवून तूप काढल्यावर तळाशी बेरी राहते. त्याचप्रमाणे खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल व डिझेल काढून घेतल्यावर जो दाट, काळा अवशेष उरतो, त्यापासून हे जड तेल तयार होते. तापविल्यावाचून ते नळीतून नीट वाहतही नाही. ते स्वस्त असल्यामुळे जहाजांनी पत्करले. पण त्यात दोन दोष आहेत.

पहिला दोष गंधकाचा. गंधक जळाल्याने सल्फर डायऑक्साइड हा वायू निर्माण होतो व बंदरालगतच्या वस्तीतील लोकांच्या श्वसनास तो अपाय करतो. यास्तव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. ज्यांना अधिक गंधकाचे तेल वापरावयाचे असेल, त्यांनी धूर धुऊन काढणारे यंत्र बसवावे लागते.

दुसरा दोष कार्बनचा. एक टन जड तेल जाळले असता सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनापेक्षा वायूचे वजन अधिक कसे, अशी शंका चुणचुणीत विद्यार्थी अवश्य घेईल. तेलातील १२ भार कार्बन हवेतील ३२ भार ऑक्सिजनशी संयोग पावतो, हे त्याचे उत्तर होय. मनुष्याच्या व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३ टक्के जहाजांचा आहे. गंधक तेलातून वेगळा काढता येतो. कार्बन मात्र तेलाच्या घटनेतच असल्याने तो टाळावयाचा तर इंधनच बदलावे लागते. सन २०५० च्या सुमारास जहाजांचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावे, असे ध्येय उपरोक्त संघटनेने २०२३ मध्ये ठरविले आहे.

नव्या इंधनांपैकी तीन प्रमुख आहेत. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला म्हणजे द्रवरूप होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे असा वायू उतरवून घेण्याची सोय आहे. त्यात गंधक जवळजवळ नसतो व जळताना कार्बन डायऑक्साइडही सुमारे पाव हिश्श्याने कमी निघतो. परंतु न जळता निसटणारा थोडासा मिथेनदेखील पृथ्वीची उष्णता पुष्कळ वाढवितो. दुसरे इंधन मिथेनॉल. ते साध्या तपमानात द्रव राहते; मात्र तेवढ्याच शक्तीसाठी तेलाच्या सुमारे अडीचपट जागा व्यापते. मिथेनॉलवर चालू शकणाऱ्या पहिल्या कंटेनर जहाजाचे, ‘लॉरा मर्स्क’चे, नामकरण २०२३ मध्ये कोपनहेगन येथेच झाले. तिसरे इंधन अमोनिया. त्यात कार्बन मुळीच नाही. पण तो अतिशय विषारी असल्याने गळती झाल्यास खलाशांच्या जिवावर बेतते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. धुराड्यातून काय निघते, एवढ्यावरून इंधनाची पारख होत नाही. ते कशापासून व कसे तयार केले, हेही पाहावे लागते. शेतकरी पिकास घालतो तो युरिया अमोनियापासूनच बनतो, आणि तो अमोनिया आज बहुतांशी नैसर्गिक वायू अथवा कोळसा वापरून तयार होतो. त्या निर्मितीत कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जातो. असा अमोनिया जहाजात जाळणे म्हणजे घरातील चूल विझवून वेशीबाहेर भट्टी पेटविण्यासारखे आहे. सूर्य वा वारा यांच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करून त्यापासून अमोनिया केला, किंवा टाकाऊ जैव पदार्थांपासून मिथेनॉल केले, तरच हिशोब खरा उतरतो. असे इंधन आज महाग आहे व त्याचा पुरवठाही तोकडा आहे. उलट आज बांधलेले जहाज वीस-पंचवीस वर्षे चालते. म्हणून आजची निवड २०५० पर्यंत बांधून ठेवणारी ठरते.

इंधन वाचविण्याचे मार्गही आहेत. काही जहाजांवर वाऱ्याच्या साहाय्यासाठी नव्या धर्तीची शिडे बसविण्यात आली आहेत. नॉर्वेमध्ये ‘अँपिअर’ ही मोटारी वाहून नेणारी नौका २०१५ पासून विजेच्या बॅटरीवर चालते; दूरच्या समुद्रप्रवासाला मात्र बॅटरी पुरत नाही. सर्वांत सोपा उपाय वेग कमी करण्याचा. जहाजास लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते.

वरच्या इयत्तेत हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर शक्ती ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे ०.७२९ पट लागते. प्रवासाचा काळ १ भागिले ०.९ पट होतो. दोहोंचा गुणाकार ०.८१ येतो, म्हणजे त्याच अंतरासाठी सुमारे १९ टक्के इंधन वाचते. त्यानंतर शिक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत : हे इंधन जळताना काय देते, आणि ते तयार होताना काय घेते व काय सोडते? चुलीतले सरपण, गोबर गॅस आणि घरातील वीज यांनाही हेच प्रश्न लावता येतात. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नाही, त्यालाही त्यांची उत्तरे आपल्या घरी शोधता येतील.