हेळव्याच्या वहीत नसलेली लेक
सातारा-सांगलीकडे सुगीनंतर हेळवी दारात येतो आणि वही उघडून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. आनुवंशिक आजाराचा माग काढायला हे धन मोलाचं. पण तिथं बहुधा पुरुषांचीच नावं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, मात्र लेकींमार्फत उतरतो: वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के, आणि आजारी बापाची प्रत्येक लेक वाहक. म्हणून आत्यांना, आजीच्या माहेरी विचारावंच लागतं: कुणाचा मुलगा लहानपणी गेला? जखमेचं रक्त थांबत नव्हतं का? दुसरी विचारायची गोष्ट नात्यातल्या लग्नांची: मामाच्या मुलीशी लग्नं आपल्याकडे चालत आलेली. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आजार आई-बाप दोघांकडून दोष आला तरच होतो, आणि नात्यातल्या जोडप्यात तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता जास्त. म्हणून नात्यातलं लग्न वंशावळीत दुहेरी रेघेनं दाखवावं. डॉक्टरही तीच खूण वापरतात.