स्टेजवर टाळ्या, गावात टोमणे : बाईच्या वेशातल्या कलाकारांची गोष्ट समजून घेऊ

रिहे (ता. मुळशी) : चैत्र लागला की गावोगावच्या यात्रांची गडबड सुरू होते. कमिटी बसते, वर्गणी ठरते आणि मग प्रश्न येतो, यंदा तमाशा कुणाचा? आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. तिथं जाऊन सुपारी ठरते. तमाशात आधी गण, मग गौळण. गौळणीत 'मावशी' येते, म्हणजे लुगडं नेसलेला, ठसक्यात बोलणारा पुरुष. पोरंसोरं, म्हातारीकोतारी सगळी पोट धरून हसतात.

दुसऱ्या दिवशी तोच शब्द शिवी होतो. आवाज बारीक असलेल्या, नाचाची आवड असलेल्या एखाद्या पोराला शाळेच्या वाटेवर 'ए मावशी' म्हणून हाक मारली जाते. स्टेजवर जे चालतं ते पारावर का चालत नाही? हा प्रश्न आता कलाकारच विचारायला लागलेत. कुणी सिनेमातून, कुणी कवितेतून, कुणी स्वतःची जीवनकथा सांगून. ते काय सांगतायत, ते सोप्या भाषेत बघू.

रूप तेच, मान वेगळा

पुरुषानं बाईचं काम करणं ही काय मोबाईलच्या जमान्यातली थेरं नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा केला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच अण्णांनी 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. कोकणात दशावतारात आजही पुरुष कलाकार बाईचं काम करतात, त्यांना 'स्त्रीपार्टी' म्हणतात.

सगळ्यात मोठं नाव म्हणजे बालगंधर्व, नारायण श्रीपाद राजहंस (1888-1967). त्यांची सिंधू, भामिनी, रुक्मिणी बघायला लोक रात्र रात्र जागायचे. मोठ्या घरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या. सरकारनं 1964 साली त्यांना पद्मभूषण दिलं. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे.

आता दुसरीकडं बघा. कोल्हापूरचे गणपत पाटील. मराठी तमाशापटात नाच्या म्हटलं की त्यांचाच चेहरा समोर येतो. माणूस घरसंसार असलेला, साधा. पण पडद्यावरच्या त्या कामाची झळ त्यांना घरातही लागली. लोकांनी भूमिका आणि माणूस एकच करून टाकला.

बालगंधर्वांनीही बायकी रूप घेतलं, गणपत पाटलांनीही घेतलं. मग फरक का? नाटकात बाईचं रूप बघायचं होतं, म्हणून नटाला मान मिळाला. तमाशात नाच्याला बघून हसायचं होतं, म्हणून त्याची टिंगल झाली. म्हणजे मान आणि अपमान कपड्यात नव्हता, आपल्या बघण्यात होता.

पैलवान गडी नाच्या होतो तेव्हा

हे दुखणं आनंद यादवांनी 'नटरंग' कादंबरीत मांडलं. त्यावरचा रवी जाधव यांचा सिनेमा 1 जानेवारी 2010 ला आला. बहुतेकांनी तो पाहिला असेल, गाणी तर पाठ असतील. आता गोष्ट पुन्हा आठवा. गुणा कागलकर शेतमजूर. विहिरीवर पंप बसतो आणि पोटावर पाय येतो. त्याला तमाशाचा नाद, म्हणून तो फड उभा करायला निघतो. पण फडाला नाच्या पाहिजे आणि ते काम करायला गावात एकही गडी तयार होत नाही. शेवटी पिळदार अंगाचा गुणाच नाच्या होतो. त्यानंतर गाव, घर, नातेवाईक सगळे त्याच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात.

तालमीचा मान असलेल्या आपल्या मुळशीला ही गोष्ट लगेच कळेल. गुणाची ताकद कुठं गेली नव्हती. लोकांनी फक्त चाल आणि सोंग बघितलं.

त्याच्याआधी 2009 साली राजीव पाटील यांचा 'जोगवा' आला. राजन गवस यांच्या लेखनावर तो आधारलेला. यातला तायप्पा जोगता होतो, पण स्वतःच्या मर्जीनं नाही. देवाच्या नावानं त्याला साडी नेसवली जाते. आतून तो पुरुष आहे आणि सुलीवर त्याचा जीव आहे. या कामासाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माणूस आतून जो आहे त्याच्यापेक्षा वेगळं जगायला लावलं, तर त्याची घुसमट कशी होते, हे हा सिनेमा दाखवतो.

आता नवीन काय?

इथवरच्या गोष्टी दुसऱ्यांनी लिहिल्या, दुसऱ्यांनी वठवल्या. नवीन हे आहे की ज्यांची गोष्ट आहे तेच ती सांगायला लागलेत.

ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या तृतीयपंथी समाजातल्या. भरतनाट्यम शिकलेल्या. त्यांची जीवनकथा मराठीत पुस्तक म्हणून आली, तीही स्वतःची ओळख नावातच उघडपणे सांगून. श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख या पारलिंगी कवयित्री. 'कुरूप' हा त्यांचा कवितासंग्रह. समाज ज्याला कुरूप म्हणतो, तोच शब्द त्यांनी पुस्तकाच्या नावाला घेतला.

सगळ्यात अलीकडचं उदाहरण म्हणजे रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. निवडुंगाची लाल बोंडं आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहेत. वरून काटे, आतून गोड. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक 'लग्न कधी करतो' म्हणून मागं लागतात. आनंदचा ओढा पुरुषाकडं आहे. गावातला शेतकरी मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो आणि दोघांचा जीव जडतो. दिग्दर्शकानं स्वतःच्या वडिलांच्या सुतकात जे अनुभवलं, त्यातून ही गोष्ट सुचली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या सिनेमाला जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. सप्टेंबर 2025 मध्ये तो आपल्याकडं थिएटरला लागला.

यात मारामारी नाही, भाषणबाजी नाही. शेत आहे, शेरडं आहेत, सुतकाचे नियम आहेत. असली माणसं शहरातच असतात, गावात नसतात, हा समज हा सिनेमा गुपचूप मोडून काढतो.

चार गोष्टी वेगळ्या आहेत

आपल्याकडं सगळा घोळ इथं होतो. चार वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो.

1) भूमिका : बालगंधर्व, गणपत पाटील. काम संपलं, रंग पुसला, माणूस घरी गेला. बाईचं काम केलं म्हणून तो बाई होत नाही.

2) स्वभाव : एखादा मुलगा हळू बोलतो, रांगोळी काढतो, लावणीवर नाचतो. एखादी मुलगी ट्रॅक्टर चालवते, केस बारीक ठेवते. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

3) ओळख : जन्माला आल्यावर 'मुलगा' म्हणून नोंद झाली, पण आतून स्वतःला बाई म्हणूनच ओळखते, किंवा याच्या उलट. यांना पारलिंगी म्हणतात. हे सोंग नाही, रात्री उतरवून ठेवता येत नाही.

4) ओढ : कुणावर जीव जडतो हा आणखी वेगळा भाग. आनंद आणि बाळ्या दोघंही पुरुषच आहेत. त्यांना बाई व्हायचं नाही.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. या खटल्यात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी मर्जीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. 2019 साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी संसदेनं कायदा केला. शाळा, नोकरी, दवाखाना इथं त्यांच्याशी भेदभाव करायला त्यात मनाई आहे.

पण कोर्टाचा कागद शाळेच्या वाटेवर पोराच्या बाजूनं उभा राहत नाही. तिथं गावालाच उभं राहावं लागतं.

मग आपण काय करायचं?

गॅदरिंगमध्ये मुलगा लावणीवर नाचला, तर त्याचा नाच बघा. चांगला नाचला तर शाबासकी द्या. व्हिडिओ काढून, हसण्याच्या इमोजी टाकून ग्रुपवर फिरवू नका. दोन मिनिटांच्या गमतीपायी एखादं लेकरू शाळा सोडतं, कुणी जिवावरही उठतं.

मास्तरांनी 'बायल्या' हा शब्द वर्गात ऐकला, तर तिथंच थांबवावा. यात्रा कमिटीनं कलाकारांना कपडे बदलायला आडोशाची जागा द्यावी आणि कार्यक्रमानंतर कुणी अंगचटीला येणार नाही हे बघावं. सुपारी कलेची दिलेली असते, माणसाची नाही.

आईबापांनी सगळं एका दिवसात समजून घ्यावं असं कुणी म्हणत नाही. पण पोरगं बोलायला आलं तर आधी ऐकून घ्या. मारून, कोंडून, देवऋषाकडं नेऊन किंवा घाईनं लग्न उरकून ओळख बदलत नाही. उलट लग्न करून आणलेल्या दुसऱ्या घरच्या लेकीचंही आयुष्य त्यात अडकतं.

घरात असा ताण असेल, मन खचलं असेल, तर 14416 या सरकारी 'टेलिमानस' नंबरवर फोन करून मोफत बोलता येतं. लहान मुलांसाठी 1098 हा नंबर आहे.