अंदमानला पुन्हा, पण बेताने

मे महिन्याचा तिसरा आठवडा जवळ आला की लातूर जिल्ह्यात अंदमानचं नाव जिथं-तिथं ऐकू येतं. मोसमी वारे अंदमानात पोचले, एवढीच ती बातमी. पण तिच्या भरवशावर मोंढ्यात बियाण्याची चौकशी सुरू होते आणि आपल्याकडं पाऊस कधी येईल याचे दिवस बोटांवर मोजले जातात. आपल्या लोकांना ही बेटं आधी ठाऊक झाली ती हवामानाच्या बातमीतून आणि शाळेतल्या काळ्या पाण्याच्या धड्यातून. सहलीचं ठिकाण म्हणून ती फार नंतर आली.

आता मात्र तिथं जाऊन आलेली घरं गल्लोगल्ली सापडतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना गावी जाण्याच्या सवलतीऐवजी विमानानं अंदमानला जायची मुभा मिळाली आणि तिला वेळोवेळी मुदतवाढही मिळत गेली, हे त्यामागचं एक मोठं कारण. उरलेलं काम सहल कंपन्यांनी केलं. सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील, मधेच बाराटांग, सोबत मराठी स्वयंपाकी आणि रोज सकाळी सामान बांधून बसमध्ये. परत आल्यावर फोटो भरपूर असतात, पण समुद्र नीट पाहिलाच नाही ही रुखरुख राहते. म्हणून पुन्हा जावंसं वाटतं. अडतं ते पैशापाशी.

माझं म्हणणं असं की दुसऱ्या खेपेला अंदमान पुष्कळ स्वस्त पडू शकतं आणि त्यासाठी हाल सोसायची गरज नाही. या बेटांवर पैसा खातो तो मुक्काम नव्हे, घाई. दर दोन दिवसांनी बेट बदललं की बोटीचं तिकीट, धक्क्यापर्यंतची टॅक्सी, नव्या हॉटेलची गाडी आणि वाया गेलेला अर्धा दिवस, असं सगळं अंगावर येतं. पहिल्या खेपेला ते टळत नाही, कारण सगळं बघायचं असतं. दुसऱ्या खेपेला ती ओझी उतरलेली असतात. एकच बेट धरावं आणि तिथंच चार-पाच दिवस राहावं.

कोणतं बेट, याचं माझ्यापुरतं उत्तर नील. 30 डिसेंबर 2018 पासून त्याचं अधिकृत नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप आहे. बोलण्यात जुनी नावं अजून चालतात. पोर्ट ब्लेअरही सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिकीट काढताना दोन्ही नावं माहीत असलेली बरी, उगाच गोंधळ नको. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना नीलवर वसवलं गेलं. त्यामुळं भात, भाजीपाला, केळी, नारळ असं सगळं तिथं पिकतं आणि साध्या खानावळीत डाळ, भात, भाजी, मासे पोटभर मिळतात. हॅवलॉकचं राधानगर नावाजलेलं आहे, टाइम मासिकानं 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं तेव्हापासून तर फारच. पण ते धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर लांब पडतं. नील सायकलीवर आटोपतं. सकाळी सीतापूर, ओहोटीला भरतपूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर, सगळं भाड्याच्या सायकलीवर.

सूर्याचं गणित लक्षात घेतलं तर आणखी एक पूर्ण दिवस पदरात पडतो. लातूर साधारण साडेशहात्तर रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर जवळपास त्र्याण्णववर, आणि घड्याळ दोन्हीकडं एकच. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला दिवस आपल्यापेक्षा तासाभरानं आधी सुरू होतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडालेला असतो. सहलीची बस नाश्ता उरकून नऊला निघते तेव्हा दिवसाचा उत्तम भाग संपलेला असतो. आपल्याकडं शेतावर जाणारा माणूस ज्या वेळी उठतो त्या वेळी उठावं. त्या वेळी किनारा रिकामा असतो आणि पाणी स्वच्छ दिसतं.

समुद्राचं वेळापत्रक आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, तर अष्टमीच्या सुमारास दोन्ही मवाळ. लक्ष्मणपूरच्या पलीकडं नीलची नैसर्गिक खडकाची कमान आहे. तिथं पोचायचं तर पाणी ओसरलेलं हवं. मोठ्या ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, रंगीत मासे उघड्या डोळ्यांनी दिसतात. काचेच्या तळाच्या बोटीला मोजलेले पैसे इथं वाचतात. तिथी बघून प्रवासाची तारीख धरण्यात काही जुनाट नाही, कोकणातला कोळी तेच करतो. मात्र मेलेलं प्रवाळसुद्धा खिशात टाकू नका. तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

आता बोटी. बेटांदरम्यान खाजगी वातानुकूलित बोटी आहेत आणि अंदमान प्रशासनाच्या जहाज संचालनालयाच्याही आहेत. सरकारी बोट हळू जाते, पण तिकीट खाजगीच्या मानानं बरंच कमी. शिवाय खाजगी बोटीत बहुधा काचेआड बसून राहावं लागतं, सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहून पाण्यावरून उडत जाणारे मासे बघता येतात. अडचण एवढीच की तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि पटकन संपतात. या बोटी मुळात तिथल्या लोकांच्या ये-जा करण्यासाठी आहेत, त्यांच्या आधी आपला हक्क सांगायला जाऊ नये. परतीच्या विमानाआधी एक दिवस पोर्ट ब्लेअरात राखून ठेवला की बोट चुकण्याची धास्ती राहत नाही.

मुख्य भूमीवरून जहाजानं जाणं हा स्वस्ताईचा सर्वांत जुना मार्ग. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं सुटतात, खालच्या वर्गाचं तिकीट परवडतं. पण प्रवास जवळपास तीन दिवसांचा आणि वेळापत्रक ठरावीक नाही. लातूरहून हैदराबाद, तिथून चारमिनार एक्स्प्रेसनं चेन्नई आणि मग जहाज, म्हणजे पोचेपर्यंत आठवडा सरतो. निवृत्त माणसानं हौस म्हणून एकदा करावं. नोकरदारानं हैदराबाद किंवा चेन्नईहून विमान धरावं आणि तिकीट दोन-तीन महिने आधी काढावं. लातूरकरांची चूक होते ती महिन्यात. नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीला संपली की घरंच्या घरं बाहेर पडतात, नेमकी तेव्हा तिकिटं महाग आणि समुद्र बिघडायच्या बेतात. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीची गर्दी ओसरून नाताळची सुरू व्हायच्या आत, म्हणजे नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर मध्य, हा काळ धरावा. जानेवारी अखेर ते फेब्रुवारीही चांगला.

एक गोष्ट आपल्याला तिथं पटकन समजते, पाण्याची. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे आपलं गाव. पोर्ट ब्लेअरला मुख्यतः धनीखारी धरणातून पाणी मिळतं आणि उन्हाळ्यात तिथंही नळाला पाळ्या लागतात. पाऊस भरपूर, पण साठवायला जागा कमी. तेव्हा स्वस्त खोलीत बादलीभर पाण्यात अंघोळ करावी लागली तर तक्रार निदान लातूरकरानं तरी करू नये.

सेल्युलर जेल दुसऱ्यांदा बघायचं का? जरूर, आणि वाटाड्याशिवाय. 1906 मध्ये पुरं झालेल्या या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 इथं होते, त्यांची कोठडी प्रत्येक मराठी माणूस बघतो. आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो तिथलाही एक माणूस या बेटांवर आला होता, तो मात्र कुणी सांगत नाही. 17 जुलै 1857 ला हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हल्ला केला. त्यातल्या अलाउद्दीनला पुढं अंदमानला धाडलं गेलं, हे जेल बांधायला घेण्याच्या कितीतरी आधी.

निघताना आधार कार्ड आणि रोख रक्कम जवळ ठेवा, छोट्या बेटांवर एटीएमचा भरवसा नसतो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन दिवसांपुरती पुरे. आणि जेलचं संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी विचारून घ्या, मगच पोर्ट ब्लेअरचा दिवस ठरवा.