आधी फरशी पुसा, मग गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा जवळ आला की आमच्या वाकडच्या सोसायट्यांमध्ये, खाली पार्किंगमध्ये, एक घूं घूं आवाज सुरू होतो. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, तर ती झळकायला हवी. मग कुणीतरी विजेवर चालणारं पॉलिशचं मशिन काढतं आणि ते साऱ्या इमारतीत फिरतं. आमच्या इमारतीतलं ते मशिन माझं आहे. त्यामुळे चार गोष्टी सांगायचा अधिकार माझा आणि एक चूक कबूल करायची जबाबदारीही माझीच.

या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये माझी नोकरी झाली. गाडी रंगाच्या लाइनवरून बाहेर आली की प्रखर उजेडात तिच्यावर धुळीचा कण बसलाय का ते पाहायचं. सापडला की बारीक वॉटर पेपरने घासायचा आणि तिथे पॉलिशची चकती फिरवायची. पण आमची तिथली मशिनं कॉम्प्रेसरच्या हवेवर चालत. पाणी आणि ओली फरशी असते तिथे हातात विजेचं हत्यार नको, हा त्यामागचा एक हिशेब. इतकी वर्षं कधी काही झालं नाही. सुरक्षितपणा होता हवेच्या नळीत, श्रेय मी माझ्या हाताला देत होतो.

निवृत्त झाल्यावर विजेचं मशिन घेतलं. पुढचं तोंड धातूचं, प्लग तीन पिनांचा. माझ्या एक्स्टेन्शन बोर्डाला भोकं दोनच. मी प्लग कापला, दोन पिनांचा लावला आणि उरलेली हिरवी वायर दुमडून वर टेप गुंडाळली. दहा मिनिटांचं काम.

दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, शेजारचा मुलगा मशिन घेऊन गेला. हिंजवडीत नोकरी करतो, हुशार आहे. थोड्या वेळाने मी खाली डोकावलो तर म्हणाला, "काका, मशिन हाताला जरा झिणझिणतंय. असंच असतं का?" गाडी नुकतीच धुतलेली. पायाखाली पाणी, पायात भिजलेल्या चपला आणि बोर्ड जमिनीवर पडलेला. मी उत्तर दिलं नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं.

गाडी धुतल्याशिवाय पॉलिश करता येत नाही, हे खरंच आहे. आमच्याकडे चहूकडे बांधकामं, त्यांची धूळ गाड्यांवर असते. ती चकतीखाली सापडली तर चकाकीऐवजी ओरखडे उठतात. म्हणजे या कामात पाणी आधी आणि वीज लगेच मागोमाग, हे ठरलेलंच. धोका नेमका इथे आहे.

मशिनच्या आत ओल गेली, वायरचं वेष्टण झिजलं, की वीज धातूच्या अंगावर उतरते. हिरव्या वायरचं काम तिला जमिनीत नेऊन सोडण्याचं. ती वायर मी कापली होती. मग विजेला उरलेली वाट म्हणजे तो मुलगा. "फ्यूज उडाला असता की!" असं आमच्या एका शेजाऱ्यांनी म्हटलं. नसता उडाला. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५,००० मिलिअँपिअर. छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअर गेले तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात, माणसासाठी नव्हेत.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा असेल, तर तेवढी तूट पडण्याच्या आत-बाहेर क्षणार्धात पुरवठा तोडतो. तो आमच्या घरात होता. पार्किंगचं सॉकेट सोसायटीच्या सामाईक मीटरवरचं, तिथे नव्हता.

काही मशिनांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. त्यांना दुहेरी वेष्टण असतं आणि अर्थिंग लागत नाही. पण आत पाणी गेलं तर त्या वेष्टणाचाही भरवसा नाही. तेव्हा माझं ऐका, गाडी आदल्या संध्याकाळी धुवा आणि पॉलिश सकाळी, कोरड्या जागी करा. बोर्ड स्टुलावर ठेवा, वायर खांद्यावरून मागे सोडा, पायात कोरडे बूट घाला. हाताला झिणझिणलं तर ते मशिन त्या दिवसापुरतं संपलं. आणि कुणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका, आधी बटण बंद करा.

चकतीचंही सांगतो. १८० मिलिमीटरची चकती मिनिटाला ३,००० फेऱ्या मारते तेव्हा तिची कड ताशी सुमारे १०० किलोमीटरने पळत असते. ओढणी, मोकळे केस, मनगटातला गंडा, राहून गेलेला राखीचा दोरा, यांतलं काहीही ती गुंडाळून घेते. वायपर आणि अँटेना यांच्यापासून तिला दूर ठेवा, डोळ्यांवर चष्मा हवाच. काम चालू असताना वीज गेली, आणि आपल्याकडे ती जाते, तर आधी प्लग काढा. बटण अडकवलेलं राहिलं, तर वीज आल्यावर टपावर ठेवलेलं मशिन उडी मारून खाली येतं. हे मी पाहिलंय.

रंगाबद्दल थोडक्यातच. पॉलिश काही चढवत नाही, ते खरवडतं. सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा, त्यातला वरचा पारदर्शक थर ४० च्या आसपास. आपला केस ७० चा. चकती एका जागी थांबवू नका, दाराच्या कडांना चिकटपट्टी लावा, वेग कमी ठेवून सुरुवात करा. रंग गेला तर पैसे जातील, एवढंच.

त्या रात्रीच मी तीन पिनांचा प्लग आणला आणि इलेक्ट्रिशियनकडून हिरवी वायर जोडून घेतली. सोसायटीच्या सभेत पार्किंगला आरसीसीबी बसवायचा विषय मांडला. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी खर्च का द्यायचा, यावर तासभर वाद झाला. शेवटी पंप तिथेच आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ठराव झाला. आता दर महिन्याच्या एक तारखेला आमचे वॉचमन त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहतात, आणि मी वर गॅलरीतून दिवा गेला का ते बघतो.